दहावं गाव

“कवठी, खैरवाडी, डोणगाव, सावर्डी, हिंगणमाळ, जांभूळवाडी, वाघोळ, कोंडबाव, अंकलखिंड, पांढरमाळ.”

पांढरमाळ म्हणताच गोदाक्काने काड्यांची जुडी टबातून वर उचलली, दोनदा झटकली आणि गोणपाटावर आडवी ठेवली. दुसरी जुडी घेतली. पुन्हा कवठी.

समोर अभिनंदन चौगुले, म्हणजे आमच्या बिरनाळे नर्सरीचे नवे जावईबापू, मोबाइलमधलं घड्याळ लावून उभे होते.

“किती झालं?” अक्काने मान वर न करता विचारलं.

“दहा सेकंद.”

“आन् मगाचच्या जुडीला?”

“दहाच.”

“मग तुमचं घड्याळ बरोबर चालतंय म्हणायचं.”

पिशव्या भरणाऱ्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले, पण रजिस्टर तोंडासमोर धरून. माझं काम लिहिण्याचं. काड्या किती लावल्या, किती धरल्या, किती मेल्या. अकरा वर्षं हे तीन रकाने भरताना मला एक खोड लागली होती. नवं माणूस दिसलं की कुठल्या रकान्यात घालावं ते मी मनातल्या मनात ठरवून टाकायची. जावईबापूंना येऊन चारच महिने झाले होते, म्हणून त्यांची जागा अजून कोरी होती. पण चिखलाच्या वाफ्यात पांढरे बूट घालून येणारा माणूस फार दिवस कोरा राहत नाही.

त्या काड्या होत्या जंगली द्राक्षवेलीच्या. आमच्या भागात आधी ही जंगली काडी लावतात, ती जमिनीत पक्की बसली की तिच्यावर चांगल्या द्राक्षाचं कलम करतात. काडी चिवट, पण मूळ फुटायला महाहट्टी. म्हणून औषध. पांढरी पूड, लिटरला दोन ग्रॅम, आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि मग पाण्यात. अक्का ती पूड सोनाराकडून आणलेल्या छोट्या काट्यावर तोलायची आणि तोलताना श्वास रोखून धरायची. शाळेची पायरी तिने चढली नव्हती, पण तीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या काड्यांचा आकडा जुनी रजिस्टरं धरून मीच सांगू शकते, आणि सांगितला तर कुणाला खरा वाटणार नाही.

दहापर्यंत आकडे म्हणायचा तिला कंटाळा. म्हणून नर्सरीच्या फाटकापासून तिच्या माहेरापर्यंतची दहा गावं ती एका लयीत म्हणायची. शेवटचं गाव माहेर. तिथे पोचली की जुडी वर.

“पण अक्का,” जावईबापू म्हणाले, “दहाच सेकंद का? एवढं औषध केलंय, मुरू दे की जरा.”

“आवं, काडीच्या अंगातच असतंय ते औषध. शेंड्याकडनं खाली उतरतंय आन् बुडाला सांगतंय, आता मूळ काढ. आपण काडी कापली, सांगणारा तुटला. म्हणून तिच्या कानात आपण सांगायचं.” अक्काने नवी जुडी बुडवली. “सांगायचं. वरडायचं न्हाई.”

“माझ्या मित्राच्या नर्सरीत रात्रभर भिजत ठेवतात.”

“ठेवत असतील. त्यांचं त्यांना ठाव.”

इथे मला राहवलं नाही. आमच्या मालकांच्या, म्हणजे अप्पांच्या, जुन्या वहीत दोन्ही रीती होत्या आणि ती वही मीच दोनदा उतरवून काढली होती. मी म्हटलं, “रात्रभर ठेवायचं तर औषध...”

“रत्नाबाई,” जावईबापू माझ्याकडे वळले, “तुम्ही इथं लिहायला आहात ना? मग लिहा. शहाणपणाला वेगळं माणूस लागलं तर मी जाहिरात देईन.”

या वेळी बायका माझ्यावर हसल्या. काल माझ्याकडून हजेरीत अर्धा तास वाढवून घेणारी सखुबाईसुद्धा. मी मान खाली घातली आणि रजिस्टरात जुड्यांची संख्या लिहिली. आठ. माझं ते वाक्य अर्धंच राहिलं. औषध विसाव्या हिश्श्याचं पातळ करावं लागतं, एवढंच मला सांगायचं होतं.

तेवढ्यात फाटकातून एक मोटारसायकल आत आली. वर अक्काचा भाचा मायाप्पा, गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याच्या गावाकडे चिखल बघायला मिळणं म्हणजे नवलच. गाडी उभी न करताच तो ओरडला, “आत्ती! पाणी आलं गं! कालव्याचं पाणी आलं!”

अक्काच्या हातातली जुडी तशीच राहिली. “कुठवर?”

“मारुतीच्या देवळाम्होरं. समदी मान्सं पान्यात उभी हायती. म्हातारा तुला घिऊन ये म्हनला.”

पांढरमाळची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. लहानपणी अक्का डोक्यावर दोन घागरी घेऊन अंकलखिंडीतून पाणी आणायची. लग्न होऊन ती बागायती गावात आली त्या रात्री पाटाचं पाणी नुसतं वाहून जाताना बघून रडली होती म्हणे. कालवा येणार हे नक्की झाल्यापासून माहेरच्या नऊ घरांनी चर खणून ठेवले होते. बारा एकर, बारा हजार काड्या. दुसऱ्या नर्सरीवाल्याने त्यांना कमी भावात देऊ केल्या होत्या, त्यांनी घेतल्या नाहीत. आमची अक्का आहे तिथे, तिच्या हातची काडी पाहिजे. रथसप्तमीला नारळ फोडून लावायचं ठरलं होतं. त्या टबांभोवती रचलेल्या दोनशे चाळीस जुड्या त्याच.

अक्काने ओले हात पदराला पुसले. टबांवर गोणपाटं टाकली. “आठ झाल्यात. ऱ्हायलेल्या मी उद्या येऊन बुडवीन. तवर कुणी हात लावू नका.”

शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून मालक बसले होते, आदगोंडा अप्पा. गुडघ्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं होतं आणि मुलगा नसल्यामुळे खुर्ची जावयाकडे जाणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. ते म्हणाले, “जा तू, गोदे. आणि जावईबापू, हे काम अक्काच्या रीतीनंच व्हायला पाहिजे. तिच्या माहेरचं आहे.”

मोटारसायकल गेली. अक्का मागे बसून लहान पोरीसारखी मागे वळून हात करत होती.

संध्याकाळी पाच वाजता अप्पा घरी गेले. बायका सुटण्याच्या आधी जावईबापूंनी गोणपाटं काढायला लावली आणि उरलेल्या सगळ्या जुड्या त्या चार टबांत उभ्या करायला सांगितल्या. औषधाला पाण्याचा थेंब न लावता.

मी जवळ गेले. “जावईबापू...”

“लिहा.”

“काय लिहू?”

“ते सकाळी सांगतो. उद्या वीस बाया सांगितल्यात लावणीला. अक्का दुपारी उगवणार. तोवर त्यांनी काय गावं मोजत बसायचं?” ते हसले. “बघा तुम्ही, शंभर टक्के धरतात का नाही.”

एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? दहा गावांपेक्षा कमी. मी पिशवी खांद्याला अडकवली, टिफिनचा डबा घेतला आणि फाटकाबाहेर पडले. खरं सांगायचं तर त्या दिवशी चालताना माझं पाऊल हलकं होतं.

सकाळी जुड्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांची बुडं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. बायकांनी भराभर पिशव्यांत लावून टाकल्या. अक्काने बुडवलेल्या आठ जुड्या पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात लागल्या, बाकीचं शेड या जुड्यांनी भरलं.

“वेळ दहा सेकंद लिहा,” जावईबापू म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“अप्पांनी अक्काच्या रीतीनं करायला सांगितलंय. रजिस्टर ते बघतात.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी जास्तच चांगलं आलं. माझा हिशेब सरळ होता. काड्या मरतील, अप्पा विचारतील, तेव्हा मी तोंड उघडेन आणि जावईबापूंची जागा एकदाची भरेल. त्या काड्या कुणाच्या आहेत, हे त्या हिशेबात मी धरलंच नव्हतं.

दुपारी अक्का आली. पातळ गुडघ्यापर्यंत भिजून वाळलेलं, कपाळावर भंडारा. लावलेल्या पिशव्या बघून ती थबकली.

“माझ्याबिगर?”

“तुमच्याच रीतीनं,” जावईबापू म्हणाले.

“गावं कुणी मोजली?”

“घड्याळानं.”

अक्का हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. “व्हय गं, रत्ने?”

मी मान हलवली. मान हलवायला तर काहीच वेळ लागत नाही.

त्यानंतर आमच्या शेडमध्ये काहीच होईना. पंधरा दिवस गेले, वीस गेले. काडीचा डोळा फुगायला हवा, तो मिटलेलाच. टाकीजवळच्या कोपऱ्यात मात्र अठराव्या दिवशी कोंब दिसले. बाकीची अकरा हजार सहाशे काडी, हुकूम झाल्यासारखी, गप्प उभी.

“तिथं ऊन जास्त पडतं,” जावईबापू म्हणाले.

“ऊन?” अक्का त्या कोपऱ्यात बराच वेळ उभी राहिली. “आवं, त्येच औषध बुडाला मूळ काढाय सांगतंय आन् वर डोळ्याला गप बस म्हणतंय. औषध लई झालं की डोळा मिटतोय.” मग स्वतःशीच म्हणाली, “पन लई कसं हुईल? मीच तोललंय की.”

मी वाफ्यांतून पिशव्या मोजत होते. माझी मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास बाकीचे डोळे उघडले. आणि मग सगळे एकदम. आठवड्यात शेड हिरवंगार झालं. जावईबापूंनी फोटो काढले, अप्पांना हाताला धरून आणलं, मला हाक मारली. “रत्नाबाई, लिहा, फूट अठ्ठ्याण्णव टक्के. आणि तेव्हा काय सांगत होता तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हटलं.

हिरवळ बघून माणसाला बरं वाटायला हवं. त्या शेडमध्ये मी मोजणीपुरतीच शिरायची. पानं वाऱ्याने हलायची, पण हलताना खालची काडीसुद्धा हलायची. आत एक गोडसर वास होता, कुजट नाही, पण कुजण्याच्या जवळपासचा. अक्का रोज पिशव्यांची भोकं बघायची. एव्हाना त्यातून पांढरे दोरे बाहेर डोकावायला हवेत. मग ती पिशवीच्या बुडाला अंगठ्याने दाबून बघायची.

“माती अजून सुट्टी हाय,” ती मला म्हणाली. “मुळांनी मूठ धरलेली न्हाई. ही पानं काडी आपल्या अंगातलं खाऊन काढतीया, रत्ने.”

“मग एक उपटून बघा की.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोलले होते. लावलेली काडी उपटून बघायची नाही हा तिनेच घातलेला दंडक होता, तीस वर्षांचा. “पोटुशी बाईचं पोट फाडून बघतंय का कोन?”

ती एखादी उपटेल म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. उपटली असती तर माझं काम आपोआप झालं असतं.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पो लागले. मायाप्पा आणि गावची चार माणसं आली होती, त्यातल्या एकाने नारळाची पिशवी हातातून खाली ठेवली नव्हती. पहिल्या टेम्पोत पिशव्या चढायला लागल्या, कोपऱ्यातल्या न् बाकीच्या सगळ्या एकमेकींत मिसळून. अक्का माझ्या टेबलापाशी आली. हात टेबलावर टेकला.

“रत्ने, मला वाचाय येत न्हाई म्हणून तुला इचारती. त्या दिसाचं पान काढ.”

मी पान काढलं.

“औषध किती लिवलंय?”

“लिटरला दोन ग्रॅम.”

“आन् येळ?”

बाहेर जावईबापू टेम्पोवाल्याला मागे-पुढे करायला सांगत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. खरं सांगितलं तर ती विचारणार, मग इथं दहा कुणी लिहिलंय? आणि पन्नास दिवस तू काय करत होतीस?

“येळ, रत्ने?”

“दहा सेकंद,” मी वाचलं.

अक्काने मोठा श्वास सोडला. “मग माझंच मन वंगाळ हाय.” ती बाहेर गेली आणि पहिल्या टेम्पोच्या चाकाखाली तिने लिंबू ठेवलं.

बारा दिवसांनी मायाप्पा आला. या वेळी एकटा, पाठीला पोतं. अप्पांच्या खुर्चीपुढे पोतं उपडं केलं. सुकलेल्या काड्यांचा ढीग पडला, वर वाळलेली पानं अजून चिकटलेली. बुडाला प्रत्येकीला काळी गाठ. मूळ म्हणून एक केसदेखील नव्हता.

अक्का खाली बसली. तिने एक काडी उचलली, नखाने खरवडली, वास घेतला. “जळालीया. औषधानं जळालीया.”

“किती धरल्या?” अप्पांनी विचारलं.

“बारा हजारांत पावनेचारशे,” मायाप्पा म्हणाला. “त्या मात्र अशा धरल्यात की हलत न्हाईत. कशा काय, कुनाला ठाव.”

मला ठाऊक होतं. आठ जुड्या, पन्नासाची एक. पंचवीस वाटेत गेल्या असतील. इतका चोख हिशेब मला आयुष्यात पुन्हा लागला नाही.

“थोड्या धरतातच,” जावईबापू पटकन म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता, पण जीभ चालत होती. “अप्पा, मी बोलणार नव्हतो. पण औषध अक्कानी बनवलं होतं. आता वय झालं, नजर...”

अप्पा माझ्याकडे वळले. “रत्ना, वाच.”

सगळे माझ्याकडे बघत होते. जावईबापूसुद्धा, आणि त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच विनंती होती. हेच मला हवं होतं. या क्षणासाठी मी दोन महिने गप्प बसले होते. मी रजिस्टर उघडलं आणि माझंच अक्षर मला दिसलं, गोल, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं.

“औषध बनवणार, गोदाक्का,” मी वाचलं. “प्रमाण, लिटरला दोन ग्रॅम. वेळ, दहा सेकंद.”

“मग परमानात चुकली आसंन मी,” अक्का हळूच म्हणाली. तिने आपली बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली, जशी ती काट्याचा काटा बघायची तशी. “त्या दिशी जीव तिकडं लागला व्हता. पान्याकडं.”

मायाप्पा पोतं झटकत उठला. “आत्ती, तुला कोन काय म्हनत न्हाई. पन आता वरीसभर तरी गावाकडं येऊ नगंस. नऊ घरं हायती. कुनाकुनाचं तोंड धरू?”

तो गेला. वरीसभर म्हणाला होता. त्यानंतर म्हातारा, म्हणजे अक्काचा भाऊ, वारला, तेव्हाही निरोप तिसऱ्या दिवशी आला.

सोनाराचा काटा अप्पांनी जावईबापूंच्या कपाटात ठेवायला लावला. पुढच्या मार्गशीर्षात औषध त्यांनी बनवलं, अप्पांची जुनी वही समोर ठेवून, दोनदा मोजून. रात्रभर भिजवण्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. माझा पगारही वाढवला त्यांनी, न मागता. मी नको म्हटलं नाही. अक्काला फक्त बुडवायला ठेवलं होतं.

ती टबापुढे बसली. पहिली जुडी घेतली, बुडवली. मी समोर रजिस्टर घेऊन उभी. जावईबापू घड्याळ लावून.

“कवठी, खैरवाडी, डोणगाव, सावर्डी, हिंगणमाळ, जांभूळवाडी, वाघोळ, कोंडबाव, अंकलखिंड.”

आणि जुडी वर.

बायकांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. जावईबापूंनी घड्याळाकडे बघितलं. “अक्का, नऊच झाले.”

“व्हय,” अक्का म्हणाली आणि दुसरी जुडी घेतली. “तितंवरच जाया येतंय.”

ते माझ्याकडे वळले. मी लेखणी उघडली, वेळेच्या रकान्यात बोट ठेवलं आणि सवयीप्रमाणे लिहिलं, दहा सेकंद.